देवाकडे टांगलेला कागद परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपजिल्हाधिकारी तथा प्रशासक, गोल्ज्यू देवस्थान (उदैधार),
तहसील कार्यालय, चौनाखेत.

अर्जदार : श्रीमती जसुली देवी, कै. प्रतापसिंह बोरा यांच्या पत्नी, वय ६४, राहणार बजेली.

विषय : उदैधारच्या मंदिरात जून २०११ मध्ये टांगलेला व सध्या तहसीलच्या कोठीत असलेला स्टॅम्प पेपर शोधून परत मिळणे व देवळाचे आवार एका सकाळपुरते उघडून मिळणे.

संदर्भ : १) मंदिरातील कागद उतरवण्याचा आपला आदेश, दि. ११ नोव्हेंबर २०१९. २) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ३ जानेवारी २०२०. ३) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. १० जानेवारी २०२०.

साहेबांस सविनय नमस्कार.

अर्जदार बाईंना लिहितावाचता येत नाही. त्या सांगतात आणि मी, रेवाधर लोहनी, तहसीलच्या भिंतीबाहेर बसणारा अर्जनवीस, लिहितो. मधूनच कार्यालयीन भाषा घातली की बाई हात धरतात आणि विचारतात, "हे मी म्हणाले का?" त्यामुळे काही वाक्ये त्यांच्या तोंडची आहेत तशीच ठेवली आहेत. त्यात उद्धटपणा दिसल्यास तो माझ्या खात्यावर धरावा.

१. साहेब मैदानातून इकडे बदलून आले, त्यास अजून वर्ष झालेले नाही, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. गोल्ज्यू हा आमच्याकडचा न्याय करणारा देव. ज्याचे कचेरीत कोणी ऐकले नाही तो स्टॅम्प पेपरवर आपली तक्रार लिहवून घेतो आणि देवळाच्या पडवीत टांगतो. न्याय मिळाला की घंटा वाहतो. बहुतेक कागद साधे असतात. पण ज्याच्यावर फार मोठा अन्याय झाला आहे तो कागदात माणसाचे नाव घालतो, देवासमोर तांदूळ फेकतो आणि देवाला सांगतो की ह्याला सोडू नकोस. याला घात घालणे म्हणतात. ज्याच्यावर घात असतो त्याच्या घरचे पाणी गावात कोणी पीत नाही. घात उतरवायचा एकच रस्ता आहे. घालणाऱ्याने आपला कागद आपल्या हाताने फाडायचा, ज्याचे नाव घातले त्याला समोर बसवायचे, आवारात उडदाची खिचडी शिजवायची आणि दोघांनी एका भांड्यातून खायची. तसे झाले नाही तर घात त्या माणसाबरोबर संपत नाही. मागे राहिलेल्यावर जातो.

२. अर्जदार बाईंना एकच मुलगा होता, कुंदन. बाप गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बाईंनी दुसऱ्यांच्या शेतात राबून, गवताचे भारे वाहून त्याला बारावीपर्यंत शिकवले. तेवीस वर्षांचा असताना तो हलद्वानीच्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी आला आणि दोन दिवसांनी, चैत्राच्या जत्रेच्या सकाळी, चुलीपाशी बसून म्हणाला, "ईजा, मला बिमलाशी लग्न करायचंय." बिमला ही धनी रामची मुलगी. धनी राम उदैधारच्या देवळात ढोल वाजवतो. त्याच्या ढोलाशिवाय देव अंगात येत नाही, पण तो स्वतः पायरीच्या खाली बसतो. त्याच्या बापाची आणि आजाचीही जागा तीच होती.

बाई काय म्हणाल्या ते मी सौम्य करून लिहीत होतो. त्यांनी ते खोडायला लावले. त्या म्हणाल्या होत्या, "ढोलवाल्याची पोर माझ्या चुलीपाशी येणार असेल तर तू आत्ताच मेलास असं मी धरते. तुझं सुतकही आजच पाळून टाकते."

कुंदन भाकरी न खाता उठला आणि मित्राबरोबर जत्रेला गेला.

३. मित्राचे नाव लछम सिंह. वय तेव्हा चोवीस, घरी बायको, आई आणि तीन महिन्यांची मुलगी. जत्रेत दुपारी दोघांची झोंबाझोंबी झालेली पुष्कळांनी पाहिली. लछमने कुंदनची गळपट्टी धरली होती. संध्याकाळच्या आत लछम एकटा गावात आला आणि म्हणाला, पाणवठ्यापर्यंत बरोबर होतो, पुढे तो एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी कुंदन उदैधारच्या खालच्या कड्याच्या पायथ्याशी सापडला. पटवाऱ्याने (डोंगरात पोलिसांचे कामही तोच करतो) पंचनामा केला तेव्हा लछमने जबाब बदलला, म्हणाला पाय घसरला. त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते आणि कोटाच्या खिशात कुंदनच्या सदऱ्याची फाटलेली बाही होती.

पटवाऱ्याने अपघात लिहून कागद बंद केले. बाई महिनाभर त्याच्या दारात गेल्या. एकच प्रश्न विचारायच्या, "पाय घसरला तर बाही याच्या खिशात कशी आली?" शेवटी पटवारी वैतागून म्हणाला, "आमा, मला नका विचारू. गोल्ज्यूला विचारा."

४. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. साहेब, तो कागद मीच लिहिला आहे, आणि येथे मला माझेही थोडे सांगितले पाहिजे. बाई एवढेच म्हणाल्या होत्या, "देवा, लछमला विचार, माझ्या पोराचं काय केलंस." पण माझा हात एकतीस वर्षांचा लिहिता. मी लिहिले की ज्याने माझे घर विझवले त्याच्या घरी दिवा लागू नये, त्याच्या पाळण्यात मूल राहू नये, त्याच्या तोंडी घास गोड लागू नये. मी ते वाचून दाखवले. बाईंनी अंगठा दिला आणि कुंदनचा फोटो वर टाचला.

हे वाक्य मी आत्ता वाचून दाखवले तेव्हा बाई म्हणाल्या, "सगळं स्वतःवर घेऊ नका. तुम्ही वाचलंत तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेही लिहा."

देवाच्या कागदाची नक्कल ठेवण्याची पद्धत नाही. माझ्याकडे प्रत नाही.

५. पुढच्याच्या पुढच्या माघात लछमचा अकरा महिन्यांचा मुलगा न्यूमोनियाने गेला. बर्फाने रस्ता बंद होता, तीन दिवस गाडी वर आली नाही. गावात कोणी बर्फाचे नाव घेतले नाही. त्यानंतर लछमच्या घरून विस्तव नेणे बंद झाले, नंतर पाणी, नंतर बोलावणे. देवाचे निशाण उचलणाऱ्यांत त्याचे घराणे होते, तो मान गेला. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. मुलगी हेमा आता नऊ वर्षांची आहे. शाळेत जेवताना तिच्या शेजारच्या मुली आपली ताटे सरकवून घेतात. त्यांना तसे कोणी शिकवलेले नाही. घरी पाहतात तेच करतात.

हे सगळे होत असताना बाईंना काय वाटत होते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "त्याचं पोरगं गेल्याचं कळलं तेव्हा मी गोठ्यात होते. देवानं ऐकलं असं वाटलं. धार काढत राहिले."

६. गेल्या भाद्रपदात बिमला नर्स म्हणून बजेलीच्या उपकेंद्रात नेमून आली. लछमला तोपर्यंत अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता आणि मैदानातल्या मोठ्या इस्पितळाने त्याला घरी पाठवून दिले होते. त्याच्या घरात पाऊल टाकणारी गावात ती एकटीच. कार्तिकात एका सकाळी ती बाईंच्या अंगणात येऊन उभी राहिली. बाईंनी आत बोलावले नाही.

"काखी," म्हणजे काकी, ती म्हणाली, "लछमदांचे थोडे दिवस राहिलेत. त्याआधी तुमच्या कानावर एक गोष्ट घालायची आहे. जत्रेच्या दिवशी कुंदनने मला दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा म्हणाला, देवाकडे कागद टांगलाय, आता ईजाशी बोलतो आणि मग तुला सांगतो. नंतर पुन्हा केला. म्हणाला, नाही झालं, तू तुझं बघ. मागे लछमदा ओरडत होते, मागे ये, कड्यावरून मागे ये. मग फोन बंद झाला."

बाई म्हणाल्या, "साडेआठ वर्षं गप्प बसलीस?"

"पटवाऱ्याने विचारलं नाही. तुम्ही विचारलं नाही. मी आपण होऊन सांगायला आले असते, तर तुमच्या कुठल्या दारातून आले असते?"

एवढे बोलून तिने बाईंचा रक्तदाब मोजला, कारण तिच्या वहीत त्या दिवशी बाईंचे नाव होते, आणि गेली.

७. बाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या लछमच्या घरी गेल्या. गावातल्या बायका घरांच्या धाब्यांवर उभ्या राहून पाहत होत्या. लछमची आई हरुली दारात बसली होती. ती उठली नाही, बाजूलाही झाली नाही. बाई तिच्या शेजारून आत गेल्या.

लछम खाटेवर होता. त्याचा आवाज फार खाली गेला होता, म्हणून बाई जमिनीवर बसल्या आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"ढकललंस का त्याला?"

"नाही, काखी."

"मग खोटं का बोललास?"

"तो म्हणाला, ईजाला यातलं काही कळू देऊ नकोस. मी बाही धरली होती. बाही हातात राहिली."

"जत्रेत भांडलात कशावरून?"

"तो म्हणत होता, मी आता घरी जात नाही. मी म्हटलं, चल, मी समजावतो काखीला. ओढत आणत होतो."

"मी तुझं नाव घातलं तेव्हा तरी बोलायचं होतंस."

लछमने पाणी मागितले. एक घोट उतरायला त्याला फार वेळ लागला. मग म्हणाला, "तुम्हाला माझ्यावर राग धरून जगता येत असेल तर जगा, असं वाटलं. तेव्हा माझं सगळं चांगलं चाललं होतं, काखी. पोरगा गेला तेव्हा आई म्हणाली, जा, सांगून टाक. आलो होतो तुमच्या अंगणापर्यंत. तुम्ही कुंदनचे कपडे उन्हात घालत होतात. परत गेलो."

बाईंनी हरुलीकडे पाणी मागितले. हरुली जागची हलली नाही. तेव्हा बाईंनी स्वतः उठून कळशीतले पाणी ओतून घेतले आणि प्यायल्या. त्या घरात बाहेरच्या माणसाने पाणी प्यायला सहा वर्षे उलटून गेली होती.

बाई निघाल्या तेव्हा हरुली एवढेच म्हणाली, "पाणी पिऊन काय होतं. जे घातलंस ते काढ."

८. बाई दुसऱ्याच दिवशी उदैधारला गेल्या. तेथे पत्रे ठोकलेले होते. पुजारी केवलानंद बाहेर आले आणि म्हणाले की आपल्या आदेशाने पडवी नवी बांधायची आहे, आवार वैशाखापर्यंत बंद आहे, आणि सगळे कागद आगीचा धोका म्हणून उतरवून पोत्यांत भरून तहसीलला गेले आहेत. ते एकटे सकाळ-संध्याकाळ दिवा लावतात, तेवढीच परवानगी आहे.

"मग मी घात कसा उतरवू?"

"कागद आणा, लछमला आणा, आवार उघडून घ्या. मी पूजा सांगतो. धनी राम ढोल वाजवेल. त्याशिवाय माझ्या हातात काही नाही."

९. त्यानंतर बाई आपल्या कचेरीत अकरा वेळा आल्या. बजेलीहून येथवर मोटाररस्ता चार कोस आहे, आणि पौषात तो रोज उघडा असतो असे नाही. पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने लेखी उत्तर दिले त्याबद्दल त्या आभारी आहेत. उत्तरात म्हटले आहे की सदर दस्तऐवज अर्जदाराने देवतेस उद्देशून सादर केलेला असल्याने तो आता देवतेच्या मालकीचा आहे. देवता ही कायद्याने व्यक्ती आहे. तिच्या संमतीशिवाय तो तिसऱ्या व्यक्तीस देता येत नाही, सबब देवस्थान समितीचा ठराव जोडावा.

बाई समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. ते म्हणाले, "समिती कुठे आहे आता? बरखास्त झाली. देवळावर प्रशासक बसलाय." प्रशासक कोण, हे बाईंनी मला विचारले. मी कागद पाहून सांगितले. ते आपणच आहात, साहेब.

म्हणजे देवाच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आज आपल्याकडे आहे, आणि ती संमती मिळाली नाही म्हणून अर्ज परत करण्याचा अधिकारही आपल्याकडेच आहे. हे मी कुचेष्टेने लिहीत नाही. बाईंना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांना हायसे वाटले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मग दोन माणसांना नाही विचारावं लागणार."

१०. कोठीचे नाझर आनसिंह यांनी आपल्या जबाबदारीवर बाईंना चार दिवस, १३ ते १६ जानेवारी, कोठीपुढच्या ओसरीत पोती पाहू दिली. त्यांच्यावर याबद्दल कारवाई होऊ नये ही नम्र विनंती. दोनशे बारा पोती आहेत. आनसिंहांनी सुरुवातीलाच सांगितले, "आमा, सगळ्यांवर एकच लिहिलंय, न्याय द्या. तुमचा कसा ओळखणार?" बाई म्हणाल्या, "वर माझा मुलगा आहे."

त्या फोटो शोधत होत्या आणि मी नावे वाचत होतो. दिल्लीला गेलेला नवरा परत यावा म्हणून लिहिणारी बाई, वाटणीतले अक्रोडाचे झाड भावाने तोडले म्हणून लिहिणारा भाऊ, पेपर चांगला जावा म्हणून लिहिणाऱ्या मुली. काही कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. पहिल्या दिवशी बाई मला घाई करत होत्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कागद पूर्ण वाचायला लावू लागल्या. "कुणीतरी ऐकायला पाहिजे," म्हणाल्या. त्यामुळे चार दिवसांत अडतीसच पोती झाली. दोष असल्यास आमचा आहे.

अडतिसाव्या पोत्यात कुंदनचे नाव निघाले. फोटो नव्हता. तो बाईंचा कागद नव्हता. कुंदनने स्वतः जत्रेच्या दिवशी टांगलेला होता, वहीच्या पानावर, स्टॅम्पशिवाय. मी आधी मनात वाचला आणि बाईंना सांगावे की नाही असा विचार करत होतो, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखले. म्हणून वाचला. मजकूर असा :

"गोल्ज्यू महाराज, माझ्या ईजाचं मन वळू दे. ती वाईट नाही. बाज्यू गेल्यावर गावाने तिला फार बोल लावले, म्हणून ती गावाला भिते. तिला शिक्षा करू नका. तिचं मन वळेपर्यंत मी थांबायला तयार आहे. कुंदन, बजेली."

आनसिंह उठून आत गेले. बाई म्हणाल्या, "थांबणार होता."

मग त्यांनी जे सांगितले ते आजपर्यंत कोणालाही सांगितलेले नव्हते, आणि ते अर्जात घालावे असा त्यांचा आग्रह आहे. जत्रेच्या दुपारी त्या शेतात होत्या. शेजारच्या घरचा फोन घेऊन कोणीतरी बांधावर आले आणि म्हणाले, कुंदन आहे. बाईंनी फोन कानाला लावला. तो म्हणाला, "ईजा, ऐकतेस का? मी देवाकडे कागद टांगलाय. मी थांबतो, तू फक्त एकदा तिच्याशी बोल." बाई म्हणाल्या, "माझा कोणी मुलगा नाही," आणि फोन परत दिला.

बाही खिशात कशी आली, हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला. हा फोन मात्र त्यांनी पटवाऱ्यालाही सांगितला नाही, मलाही नाही आणि देवालाही नाही.

११. १७ जानेवारीला कोठीला कुलूप लागले आणि पोती २७ तारखेला कागदगिरणीकडे जाणार अशी नोटीस फळ्यावर लागली.

१९ जानेवारीला, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, लछम गेला. शेवटचे चार दिवस त्याची वाचा बंद होती. बाई आदल्या दिवसापासून तेथे होत्या. त्यांनी त्याला कुंदनच्या कागदाबद्दल सांगितले. त्याला समजले की नाही ते माहीत नाही.

प्रेत उचलायला गावातले कोणी आले नाही. घात न उतरलेल्या माणसाला खांदा दिला तर घात आपल्या घरी येतो, अशी समजूत आहे. साडेअकरापर्यंत वाट पाहिली. धनी राम आला. आनसिंहांना बिमलाने फोन केला होता, ते चौनाखेतहून आले. मी गेलो. माझे वय एकाहत्तर आहे, आणि आमच्या घराण्यातल्या कोणी आजवर ढोलवाल्याच्या बरोबरीने खांदा दिलेला नाही, हे मला वाटेत दोनदा आठवले. चौथा माणूस मिळेना.

तेव्हा बाईंनी पदर खोचला. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. वरच्या धाब्यावरून कोणीतरी म्हणाले, "काखी, बायकांनी खांदा देऊ नये."

बाई म्हणाल्या, "घात माझा आहे. मला काय लागणार?"

नदीपर्यंत तीन मैल उतार आहे, वाटेवर बर्फ होते. दोन ठिकाणी टेकावे लागले. धनी राम आमच्या सगळ्यांत उंच, म्हणून तो वाकून चालत होता. बिमला हेमाला घेऊन मागून आली. अग्नी हेमाने दिला. तिला काय करायचे ते धनी राम सांगत होता आणि ती करत होती. रडली नाही. परत येताना तिने बाईंना विचारले, "आता घात माझ्यावर आला का?"

म्हणून हा अर्ज आहे.

१२. पुजारी केवलानंद यांना विचारले. ते म्हणतात, लछमच्या जागी त्याची मुलगी समोर बसू शकते. नऊ वर्षांची आहे, पण रक्ताची आहे. बारावा दिवस ३० जानेवारीला आहे. त्यानंतरची कोणतीही सकाळ चालेल. हरुली नातीला पाठवायला तयार आहे. ती स्वतः येणार नाही. तिने बाईंना क्षमा केलेली नाही, आणि बाईंनी तिच्याकडे ती मागितलेलीही नाही.

सबब, अर्जदाराच्या मागण्या खालीलप्रमाणे :

पोती २७ तारखेला पाठवू नयेत. उरलेली पोती पाहण्यास बाईंना व मला मुभा द्यावी. कोठी लावून घेऊन आत बसवले तरी चालेल.

उदैधारचे आवार एका सकाळपुरते उघडावे. पडवीची पाडापाडी चालू असल्यास आम्ही पत्र्याच्या आत कोठेही बसू. चूल, भांडे, उडीद, तांदूळ बाई घेऊन येतील. धनी राम ढोल वाजवील. तो या वेळी कोठे बसेल, हे बाईंनी ठरवले आहे. तो त्यांच्या शेजारी बसेल. पुजाऱ्यांची त्यास हरकत आहे. ती हरकत येथे नोंदवावी असे ते म्हणाले, म्हणून नोंदवली.

आणि यातले काहीच करणे आपल्या अधिकारात बसत नसेल, कागद भिजून गेला असेल किंवा सापडण्यासारखा नसेल, तर शेवटची विनंती. अर्जदार जसुली देवी या अर्जाद्वारे असे सांगतात की जून २०११ मध्ये त्यांनी लछम सिंह व त्याच्या घरादारावर घातलेला घात खोट्या समजुतीवर होता, लछमने काहीही केले नव्हते, आणि तो घात त्या परत घेत आहेत. जे मागितले होते ते कोणाला द्यायचेच असेल तर ते अर्जदाराला द्यावे. आपण आज त्या देवस्थानाचे प्रशासक आहात. कागद ज्याच्याकडे जायचा तेथे तो आपल्या हातून जातो. तरी आपण देवस्थानाच्या वतीने या अर्जावर "मिळाला" एवढे लिहून शिक्का मारून द्यावा. बाई तो कागद गावात दारोदार दाखवतील. शाळेतही नेतील. गाव मानील की नाही, हे त्यांना माहीत नाही. पण मुलीला दाखवायला हातात काहीतरी असेल.

आपल्या दाराशी बसून असलेली,

(डाव्या अंगठ्याचा ठसा) जसुली देवी, बजेली
चौनाखेत, दि. २२ जानेवारी २०२०

मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला व पूर्ण वाचून दाखवला. यात मी आपल्या पदरचे काही वाढवलेले नाही.
(सही) रेवाधर लोहनी

सोबत : १) आपल्या कार्यालयाचे दि. १० जानेवारीचे उत्तर. २) लछम सिंह याच्या मृत्यूचा दाखला, उपकेंद्र बजेली. ३) हेमा हिचा शाळेचा दाखला.

---

शेरा

नाझर यांच्या अहवालानुसार नव्वद पोती पहिल्या खेपेत दि. २१ रोजीच रवाना झाली आहेत. मूळ कागद त्यांत असल्यास मिळणे शक्य नाही. उर्वरित पोती पुढील आदेशापर्यंत थांबवावीत. आवार उघडण्याबाबत ठेकेदाराचा व अभियंत्यांचा अभिप्राय मागवावा, त्यास मुदत सात दिवस.

तूर्त, अर्ज मिळाला.

(सही) प्रशासक
गोल्ज्यू देवस्थान, उदैधार, यांच्या वतीने
(देवस्थानाचा गोल शिक्का) दि. २४ जानेवारी २०२०